पाठचा भाऊ

गिमलीत सरोवर गोठतं नोव्हेंबरात,
तिथून पुढे कान हाच आमचा धंदा.
बर्फ जाड्या आवाजात गडगडला तर चालतं,
आळस देतोय म्हणायचं.
बारीक, शिटीसारखा वाजला
की जाळं तिथंच सोडून माघारी फिरायचं.
बत्तीस हिवाळे मी असा जगलो.

मग एका सकाळी पिकरेलच्या पेटीशी वाकलो
आणि वर आलोच नाही.

स्वान्हिल्दनं मला गाडीच्या मागच्या सीटवर
ताडपत्रीच्या घडीसारखं ठेवलं
आणि बेकरीशेजारच्या दारात उतरवलं.
पाटीवर: ओरिस्या हावरिलिउक, कायरोप्रॅक्टर.
म्हटलं, म्हणजे हाडं मोडणारी ना तू?
म्हणाली, मोडणारे वेगळे. ते हॉकी खेळतात.

अर्धा तास हात लावलाच नाही तिनं.
ताप येतो का, वजन उतरलं का,
रात्री दुखण्यानं जाग येते का,
पायात मुंग्या, लघवी, जुनी पडझड.
गुडघ्यावर रबरी हातोडी.
चवड्यांवर चाला. आता टाचांवर.
खुंटीला प्लॅस्टिकचा एक कणा टांगलेला,
येता जाता त्याला तिचा धक्का लागे
आणि तो खुळखुळे, जेवणाची वेळ झाल्यासारखा.

मणका जागचा सरकलाय का माझा?
नाही हो, हाडं इतकी उनाड नसतात.
सांधा आखडलाय,
आणि भोवतीचे स्नायू घाबरून पहारा देतायत.
मी दार ढकलून बघते, एवढंच.

कुशीवर वळवलं. गुडघा पोटाशी.
श्वास सोडा, म्हणाली,
आणि सोडतोय तोवर
कमरेत कडाड् झालं.

मी टेबलावरून उडीच मारणार होतो.
जाडा होता की बारीक?
असं मी मोठ्यानं विचारलं म्हणे.
ती हसली. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते,
तिचा आवाज. तुमच्या बर्फाखालीही
बुडबुडे असतातच की.
आणि आवाज म्हणजे औषध नव्हे,
न वाजताही माणूस सुटा होतो.

चार आठवडे गेलो. घरी मांजरासारखं
पाठ वर, पाठ खाली; स्वान्हिल्द तोंड फिरवून हसायची.
पाचव्या आठवड्यात बुटाची नाडी
माझी मी बांधली. दोन गाठी मारल्या, उगाच.

तिच्याकडे कोणी दमा घेऊन येतं, कोणी साखर,
त्यांना ती सरळ सांगते, हे माझं काम नाही.
मान धरण्याआधी धोका सांगते,
आणि हो म्हणेपर्यंत थांबते.
हे सगळं मला आवडायचं, पण खरं सांगू,
विश्वास बसला तो नंतर.

फेब्रुवारीत एइनारला घेऊन गेलो, माझ्या पाठच्या भावाला.
तोही पेटीशीच वाकला होता.
म्हटलं, याचंही एकदा कडाड् कर.
त्यानं सांगितलं,
खोगीर लागतं ना, तिथं काही कळत नाही.
सकाळपासून लघवीला बसतो, होत नाही.

ओरिस्यानं दोनचार गोष्टी तपासल्या
आणि हात मागे घेतले.
फोन लावला. आमच्याकडे न बघता म्हणाली,
गाडी काढा. विनिपेग. आत्ता.
मी म्हटलं, अगं पण एकदा—
नाही, वाल्दी.

रस्ता सरळ, बर्फ आडवं.
रात्री अकराला त्याला आत नेलं.
पहाटे सर्जन म्हणाला, वेळेत आलात,
आणि मी तिथल्या खुर्चीत
पाठ टेकली. पहिल्यांदाच, त्या दिवसात.

आता गावात कोणी विचारतं, ती बाई कडाकड चांगलं करते का?
मी सांगतो, करते.
पण तिचे हात मागे गेलेले बघ एकदा.

एइनार यंदा पुन्हा बर्फावर येतो, पेट्या उचलत नाही.
डावा पाय किंचित ओढतो.
माझ्या मागून चालताना
एक पाऊल जाडं वाजतं, एक बारीक,
आणि कान टवकारून मी पुढे जात राहतो,
माघारी न फिरता.